मान ओढण्याआधी तपासा

मान दुखली की ट्रॅक्शन, म्हणजे मानेला ओढ देणे, हा आपल्याकडे सरधोपट उपाय झाला आहे. सरसकट मानदुखीसाठी मात्र तो नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2008च्या कॉक्रेन आढाव्याला यांत्रिक ट्रॅक्शनच्या बाजूने वा विरोधात ठाम पुरावा सापडला नाही. अनेकांना आराम पडतो, त्याचे काय? पडतो, पण मानदुखी पुष्कळदा आपोआपही ओसरते आणि श्रेय यंत्राला मिळते. पण म्हणून ट्रॅक्शनला थोतांड म्हणणेही चूक. 2014 साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मानेतली नस दबलेल्या 86 रुग्णांवर झाली. त्यात व्यायामाच्या जोडीला झोपवून यंत्राने ट्रॅक्शन दिलेल्यांना सहा महिन्यांनी नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला. दारावर अडकवायच्या ट्रॅक्शनचा तेवढा नाही. आडवे झोपल्यावर डोक्याचा भार मानेच्या स्नायूंवरून उतरतो आणि मान किंचित पुढे झुकवली की नसांच्या वाटा रुंदावतात. ट्रॅक्शनच्या टेबलाचा कोन बदलता येणे उपयोगाचे, ते यासाठी. पण चकचकीत टेबल घेतले म्हणून निदान आपोआप होत नाही आणि ते आधी हवेच. मणक्याचे फ्रॅक्चर किंवा मज्जारज्जूवर दाब असलेल्या किंवा आमवाताने मानेचे वरचे मणके सैल झालेल्या रुग्णाला हीच ओढ घातक ठरू शकते. ‘प्रत्येकाला इतके तपासायला वेळ कुठे?’ असे विचारणाऱ्या दवाखान्याने दहा बैठकांचे पॅकेजही विकू नये.