तांदळाच्या दाण्याहून लहान पेसमेकर : बाबांचं ऑपरेशन थांबवायचं का?

एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली : अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी तांदळाच्या दाण्याहून लहान, काम झाल्यावर शरीरातच विरघळणारा पेसमेकर बनवला. तेव्हापासून दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो, "डॉक्टर, बाबांना पेसमेकर सांगितलाय. तो नवा मिळेपर्यंत थांबलं तर चालेल का?"

थोडक्यात उत्तर : नाही. कारण समजण्यासाठी आधी हृदयाचा स्वतःचा पेसमेकर पाहू.

ठोका सुरू कुठून होतो?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. हृदयाच्या स्नायूतील इतर पेशी संदेशाची वाट पाहतात. या पेशी तो स्वतःहून देतात. प्रत्येक ठोक्यानंतर त्यांच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात आणि सोडियम हळूहळू आत झिरपतो. त्यामुळे पेशीतील विद्युतदाब उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपासून वर चढू लागतो. उणे ४० च्या जवळ पोहोचला की कॅल्शियम आत शिरते आणि ठोक्याचा संदेश सुटतो. मग पोटॅशियम बाहेर पडते, पेशी पूर्ववत होते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

सोडियमच्या या प्रवाहाला 'फनी करंट', म्हणजे विचित्र प्रवाह म्हणतात. जिना चढताना ॲड्रेनलिन तो वाढवते, म्हणून धडधड वाढते. झोपेत तो मंदावतो, म्हणून नाडीही मंदावते.

बिघडते कुठे?

वयानुसार नोड थकू शकतो, किंवा संदेश खालच्या कप्प्यांकडे जाताना वाटेत अडतो. कधी कारण औषधांत असते. आयव्हाब्रॅडीन ही गोळी हाच प्रवाह अडवून नाडी कमी करते. बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन यांनीही नाडी मंदावते. किडनीच्या आजारात पोटॅशियम फार वाढले तरी तसे होते. अशी कारणे दूर केल्यावर काहींना पेसमेकर लागतही नाही. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. मनाने मात्र एकही बंद करू नका.

मग नवे यंत्र कोणासाठी?

जन्मजात हृदयदोषाच्या शस्त्रक्रियेनंतर काही बाळांना थोडेच दिवस पेसमेकर लागतो. आज त्यासाठी हृदयावर तारा लावून त्या छातीबाहेर काढतात. त्या ओढून काढताना रक्तस्रावाचा धोका असतो. नवे यंत्र सिरिंजने आत सोडता येते आणि छातीवरच्या पट्टीतून येणाऱ्या प्रकाशावर चालते. त्याचे प्रयोग प्राण्यांवर आणि दान केलेल्या मानवी हृदयांवर झाले आहेत.

बाबांचा नोड मात्र आठवड्याभरात पुन्हा तरुण होणार नाही. त्यांना वर्षानुवर्षे टिकणारे यंत्र हवे. विरघळणे हा तिथे गुण नसून दोष ठरेल. तारेची भीती वाटत असेल, तर तारेविना बसणारा कायमचा पेसमेकर आजही उपलब्ध आहे. तो बाबांना चालेल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

नाडी मंद असून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा धाप लागत असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढा. बेशुद्ध पडलेल्या माणसाला थेट रुग्णालयात न्या. बातमी वाचून आनंद जरूर माना, पण ठरलेली तारीख पुढे ढकलू नका.