अडकलेला ब्रेक आणि विज्ञानाचा तास



पास्कलचा नियम तुम्हांला पाठ आहे. परीक्षेत तो विचारला, की बंदिस्त द्रव, दाब, सर्व दिशा हे शब्द तुम्ही न अडखळता लिहिता, शेजारी आकृती काढता आणि गुण मिळवता. आता एक साधा प्रश्न. डिस्क ब्रेक असलेली जुनी मोटारसायकल तुमच्या आळीत नक्कीच असेल. तिचा ब्रेक याच नियमावर चालतो. तो अडकला, तर का अडकला हे तुम्ही सांगू शकाल काय? बहुतेकांना सांगता येणार नाही. यात दोष तुमचा नाही. विज्ञानाचा तास फळ्याशी सुरू होतो आणि फळ्याशीच संपतो, हा खरा दोष आहे.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले. १९६९ साली जपानच्या होंडा सीबी ७५० या मोटारसायकलने द्रवाच्या दाबावर चालणारा असा ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत आणला. आपल्याकडे १९९९ साली आलेल्या हीरो होंडा सीबीझेडने तो तरुणांच्या ओळखीचा केला. त्या काळातल्या गाड्या आता पंचविशी ओलांडून गेल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक अजून रस्त्यावर धावतात.

या ब्रेकचे काम पाहा. तुम्ही लिव्हर दाबता, तेव्हा मास्टर सिलिंडरमधला लहान दट्ट्या द्रवावर दाब देतो. तो दाब नळीतून चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये पोचतो आणि तेथला मोठा दट्ट्या पॅडला चकतीवर दाबतो. समजा, लहान दट्ट्याचा व्यास १२ मिलिमीटर आणि मोठ्याचा ३६ मिलिमीटर आहे. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट आणि बलही नऊपट! मात्र मोठा दट्ट्या सरकतो लहानाच्या नवव्या हिश्श्याइतकाच. निसर्ग फुकट काही देत नाही.

लिव्हर सोडल्यावर मोठा दट्ट्या मागे कसा येतो? तेथे स्प्रिंग नसते. दट्ट्याभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी कडे असते. दट्ट्या पुढे जाताना ते किंचित वाकते आणि दाब जाताच पूर्ववत होऊन दट्ट्याला केसभर मागे खेचते. एवढ्याशा रबराच्या स्थितिस्थापकतेवर सारी मदार असते.

आणि बिघाडही नेमका तेथेच होतो. ब्रेकच्या द्रवाला आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण नेहमीचा द्रव तेल नसतो. तो ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांचा बनलेला असतो आणि हवेतला ओलावा शोषून घेतो. वर्षानुवर्षे तो बदलला नाही, की त्यातले पाणी दट्ट्याला गंज चढवते. कड्याच्या खाचेत क्षार साठून रबर आत ढकलले जाते. बाहेरून पावसाळ्यातला चिखल असतोच. मग दट्ट्या पुढे जातो, पण परत येत नाही.

अशी गाडी थांबते, म्हणून मालक म्हणतो, "चालतंय ना, मग कशाला उघडायचं?" मला सर्वांत भीती वाटते ती या 'चालतंय'ची. पॅड चकतीवर सतत घासत राहते आणि उष्णता साठत जाते. गाडी व स्वार मिळून २०० किलोग्रॅम आणि वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर एकदा थांबण्यात सुमारे २७,८०० ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. कटिंग चहाएवढे पाणी उकळीला आणायला ती पुरे. मग घाट उतरताना काय होत असेल? डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनांक निदान २०५ अंश सेल्सियस असतो. ओलावा शोषल्यावर त्याची प्रमाणित किमान मर्यादा १४० अंशांवर येते. द्रव उकळला, की नळीत वाफ होते. वाफ दबते, दाब पुढे पोचत नाही आणि लिव्हर मुठीला टेकते. नियम खोटा ठरलेला नसतो. त्याची अट मोडलेली असते.

म्हणून अडकलेला कॅलिपर उघडलाच पाहिजे. पण दट्ट्या बाहेर काढायचा कसा? काही ठिकाणी पंक्चरवाल्याकडची हवा लावतात. ७ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाबाची हवा ३६ मिलिमीटरच्या दट्ट्यावर सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावते. हवा दबलेली असल्याने तिच्यात ऊर्जा साठते आणि दट्ट्या गोळीसारखा सुटतो. बोटे चिरडू शकतात. द्रव जवळजवळ दबतच नाही. दट्ट्या जरा हलला, की दाब उतरतो. म्हणून जाणता मेकॅनिक नळी सोडण्याआधीच पॅड काढतो आणि लिव्हरनेच दट्ट्या हळूहळू बाहेर आणतो. यात दाबही हवेपेक्षा पुष्कळ जास्त मिळतो.

पुढच्या प्रत्येक पायरीलाही असेच कारण आहे. खाच लाकडी काडीने साफ करायची, कारण पोलादी टोकाने ओरखडे पडतात. पेट्रोल किंवा रॉकेल वापरायचे नाही, कारण त्याने हे रबर फुगते. दट्ट्याच्या क्रोमला खड्डे पडले असतील तर तो पॉलिश पेपरने घासायचा नाही, बदलायचा. नवी रबरे ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवायची, तांब्याचे वायसर नवे घालायचे आणि शेवटी सगळी एअर काढायची.

काही शिक्षक म्हणतील, ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ. मुलांच्या हाती तो कसा द्यावा? शंका योग्य आहे. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा ब्रेक मुलांनी मुळीच उघडू नये. पण भंगारातला कॅलिपर वर्गातल्या टेबलावर उघडायला कोणती हरकत आहे? त्याची धूळ मात्र फुंकू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. आणि गावातल्या एखाद्या मेकॅनिकला वर्गात सन्मानाने बोलवा. त्याच्या हातांना जे ठाऊक आहे, त्याची कारणे मुलांनी पुस्तकातून शोधावीत. यात दोघांचाही फायदा आहे. काळ्या हातांचे काम कमी प्रतीचे, ही समजूत आपल्या शिक्षणाचे फार नुकसान करते.

तोपर्यंत एक काम करा. घरात डिस्क ब्रेकची गाडी असेल, तर मोठ्या माणसांना ती डबल स्टँडवर लावून पुढचे चाक उचलून धरायला सांगा. ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. ते जड फिरले, तर गाडी मेकॅनिककडे न्यायला सांगा आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हेही विचारा. चाक जड का फिरते, हे आता तुम्हीच त्यांना समजावून सांगू शकाल.