पॅथॉलॉजीची पोस्टिंग हवीच

यंत्रे आल्यावर पॅथॉलॉजीच्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थ्यांचा वेळ फुकट जातो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटले नाही.

पावसाळ्यात डेंग्यूच्या संशयितांचे रक्त येते. एखाद्याच्या प्लेटलेट यंत्र 20 हजार दाखवते आणि वॉर्डात धावपळ उडते. पण जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात; असे पुंजके यंत्राला नीट मोजता येत नाहीत. लीशमनने रंगवलेल्या स्लाइडवर, स्मिअरच्या शेपटाकडे, ते स्पष्ट दिसतात. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतले की बहुधा खरा आकडा कळतो. हे एकदा स्वतः पाहिलेला इंटर्न प्लेटलेटची पिशवी मागवण्याआधी लॅबला फोन करतो.

मुले नुसती कोपऱ्यात उभी असतात, ही त्या पत्रलेखकांची तक्रार मात्र खरी आहे. मग त्यांना ग्रॉसिंगच्या टेबलाशी आणा. फॉर्मालिनऐवजी सलाइनमध्ये आलेला, कुजू लागलेला बायोप्सीचा तुकडा त्यांच्या हाती द्या आणि त्याचा रिपोर्ट लिहायला सांगा.

— एक निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर