तपासणीपूर्वी गहू सोडू नका
लोहाच्या गोळ्या घेऊनही घरातील ज्येष्ठांचे हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर वयाला दोष देऊन थांबू नये. सिलिअॅक विकार सत्तरीतही प्रथमच उघड होऊ शकतो. गव्हातील ग्लुटेनमुळे शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. ती रक्तात आढळल्यावर खात्रीसाठी बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेतात. प्रकाशीय जैवसंवेदकात प्रतिपिंड पृष्ठभागाला चिकटताच तेथील प्रकाश किंचित बदलतो. थेंबभर रक्तात निदान व्हावे, हा संशोधकांचा प्रयत्न आहे. ते साधन बोईसरला पोहोचेपर्यंत टीटीजी ही रक्ततपासणी करावी, मात्र तोवर चपाती चालू ठेवावी. गहू आधीच सोडल्यास प्रतिपिंडे घटतात आणि अहवाल फसवा येतो. निदानानंतर आपल्या पालघरची तांदळाची, नाचणीची भाकरी आहेच. ते पीठ गव्हाच्या गिरणीत दळू नये. हिंगाच्या डबीवरील घटकही वाचावेत, पुष्कळदा त्यात मैदा असतो.