बैलाचे दात बघतो, स्वतःचे कधी बघणार?

बैलबाजारात गेलेला शेतकरी आधी काय करतो? जनावराचा जबडा उघडतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तो दलालाच्या शब्दावर इसार देत नाही. याच शेतकऱ्याला विचारा, ‘बाबा रे, तुझ्या स्वतःच्या तोंडात किती दात शाबूत आहेत?’ तो हसून वेळ मारून नेईल. दाढ ठणकायला लागली की लवंग दाबायची, मेडिकलमधून गोळी आणायची, आणि गाल सुजून रात्रभर झोप लागली नाही की मगच डॉक्टरकडे धाव घ्यायची, ही आपली घरोघरची रीत आहे.

दात आपला हिशेब कसा जपून ठेवतात, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. ढवळीकर यांच्या या कामातून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. जव पिकवणारी, गुरे पाळणारी ही माणसे. त्यांची लहान मुले दगावली की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे या अभ्यासकांनी या हाडांचा आणि दातांचा बारकाईने अभ्यास केला. मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर त्यांना कवचातली खोट दिसली. दुधाच्या सुळ्याचे कवच आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत घडते. म्हणजे आईची आणि तान्ह्या लेकराची आबाळ झाली, तिची खूण दातावर राहिली आणि ती तीन हजार वर्षांनीही वाचता आली.

हाड मोडले तर सांधते, कातडी भरून येते. दाताला पडलेला खड्डा मात्र आपोआप बुजत नाही, तो वाढतच जातो. इनामगावच्या त्या पोरांचे दात वाचले गेले, पण फार उशिरा. तुमचे दात वेळेवर वाचणारा माणूस तालुक्याच्या गावी दवाखाना उघडून बसला आहे. त्याच्याकडे दुखण्याआधी जायचे, एवढेच आपले काम आहे. वर्षातून एकदा तरी जावे. मधुमेह असेल किंवा तंबाखूची सवय असेल तर सहा महिन्यांनी जावे.

पण नुसते जाऊन खुर्चीत बसले आणि आ वासला, एवढ्याने भागत नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून आपण जातो, तर त्या फेरीचे पुरते मोल वसूल केले पाहिजे. त्यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, काही लपवू नका. मिश्री, तंबाखू, गुटखा जे असेल ते सांगा. घरातल्या बायामाणसांनी तर मिश्रीचे जरूर सांगावे. ती दात घासण्याची पूड नव्हे, भाजलेली तंबाखूच आहे. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, गरोदरपण हेही आधीच सांगा. जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. आपल्या मनाने गोळी बंद करून मात्र जाऊ नका.

दुसरी, दाताबरोबर सगळे तोंड तपासून घ्या. जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या पाहायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सोसेनासे होणे, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांतले काहीही असेल तर थांबू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखतोच असे नाही, आणि म्हणूनच तो हातचा निसटतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण मिश्रीचा डबा घरातच आहे.

तिसरी, विचारायला लाजू नका. ‘डॉक्टर, आरशात दाखवा, कुठला दात किडलाय? आज काय करणे भाग आहे, आणि काय थांबले तरी चालेल? खर्च किती?’ हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. छोटा खड्डा आज भरला तर थोडक्यात भागते. कीड नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल नाहीतर दात काढणे, असा हिशेब आहे. ब्रश कसा फिरवायचा तेही करून दाखवायला सांगा. दात साफ केल्याने ते हलतात, दाढ काढल्याने नजर जाते, या समजुतींना आधार नाही. साठलेले किटण निघाल्यावर दात मोकळे वाटतात, पण ते सैल होतात हिरड्या खंगल्यामुळे.

चौथी, पोरांना बरोबर न्या. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. ‘पडेलच की’ म्हणून आपण तिच्याकडे काणाडोळा करतो आणि ती जन्माची जाते. तिच्या खाचा बुजवणारा लेप मिळतो, त्याची चौकशी करा. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. २०१३ पासूनच्या या योजनेत दातांची तपासणीही आहे. पथकाने चिठ्ठी दिली तर ती फडताळात ठेवू नका, पुढच्या रुग्णालयात घेऊन जा.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, याची आशाताईंकडे चौकशी करावी. पद रिकामे असेल तर ग्रामसभेत विषय मांडावा. रस्त्यासाठी आणि पाण्यासाठी आपण भांडतो, तसे यासाठीही भांडले पाहिजे.

चणे आहेत तर दात नाहीत, अशी गत म्हातारपणी होऊ द्यायची नसेल, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी दुखत नसतानाच दवाखान्याची पायरी चढा. निघताना पुढची तारीख लिहून घ्या आणि तो कागद कॅलेंडरला टोचून ठेवा.