रेस म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या रविवारी सकाळी बेडसे लेणी बघून खाली उतरलो आणि रस्त्यावरच्या टपरीवर चहाला थांबलो. तेवढ्यात कामशेतकडून दहा-बारा बाइक बोंबलत आल्या. एक आजी म्हैस घेऊन रस्ता ओलांडत होत्या. कशीबशी ओढली त्यांनी बाजूला. तासाभराने तेच वीर टपरीवर हजर. मी हटकलं, तर एक साहेब (बोलण्यावरून आपल्याच आयटीतले) म्हणतात, "अरे, मोटरस्पोर्ट आहे हे. पॅशन!"

च्यामारी, हे मोटरस्पोर्ट?

फॉर्म्युला वनच्या गाड्या तीनशेच्या वर पळतात. पण पिट लेनमध्ये, म्हणजे जिथे माणसं पायी वावरतात तिथे, मर्यादा सहसा ताशी ८० किमी. ओलांडली की दंड. ड्रॅग रेस सरळ पट्ट्यावर, मोटोक्रॉस मातीच्या बंदिस्त ट्रॅकवर. रॅली तेवढी खऱ्या रस्त्यावर, पण वेग मोजतात तो टप्पा रहदारीला बंद असतो आणि गाड्या एकेक करून सोडतात. तिथून पुढच्या टप्प्याकडे जाताना त्याच गाडीला तुमच्या-आमच्यासारखे रहदारीचे नियम पाळावे लागतात! टीएसडी रॅलीत तर ठरल्या वेळेआधी पोचलात तरी दंड.

गावांमधून जाणाऱ्या शर्यतीही होत्या की. इटलीची मिले मिलिया घ्या. १९५७ साली त्यात एका फेरारीचा टायर फुटून नऊ बघे गेले, त्यांत लहान मुलं होती. ती शर्यत तिथेच संपली.

इटली कशाला, मावळातच बघा. बैलगाड्याला वेगळा घाट, एका वेळी एकच गाडा, निकाल सेकंदावर. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली, तर लोक कोर्टात भांडले आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी घेऊन आले. बैल पळवायला सरकारी परवानगी लागते आणि आपल्याला फक्त ईएमआय?

अडचण खरी आहे, मान्य. केटीएम बनते आपल्या चाकणला, पण सर्किटवर पळवायची तर सोय मोजक्याच ठिकाणी. इतकी कमी सर्किटं असावीत ही लाजच. मग त्यासाठी भांडा की! बुकिंग करा, पैसे टाका, दोन दिवस रजा टाका. (मी पंचविशीत ह्याच रस्त्यावर शंभर गाठले होते. तेव्हा समोर म्हैस आली नाही, एवढंच.)

साहेब चहा संपवून गेले. टपरीवाले काका ग्लास विसळत म्हणाले, "आजींना सांगून थकलो. आम्ही तर रविवारी पोरांना दहाच्या आत रस्त्यावर सोडतच नाही."