उत्तर मराठीत, पण पुस्तक कुठल्या मातीतले?

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये देशातील विद्यापीठांना एक सूचना केली. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला, तरी विद्यार्थ्यांना परीक्षेतील उत्तरे स्थानिक भाषेत लिहू द्यावीत, अशी ती सूचना होती. जुलै २०२४ मध्ये ‘अस्मिता’ प्रकल्प जाहीर झाला. पाच वर्षांत २२ भारतीय भाषांत २२ हजार पुस्तके तयार करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. गोव्यातील मराठी वाचकाने या निर्णयांचे स्वागत जरूर करावे. मात्र सोबत एक प्रश्नही विचारावा. समाजशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती पडणारे पहिले पुस्तक कोणत्या समाजाविषयी बोलणार आहे?

आपल्याकडे प्राथमिक शिक्षण मराठीतून घेतलेली मुले पाचवीपासून बहुधा इंग्रजी माध्यमाकडे वळतात. महाविद्यालयात इंग्रजी पुस्तकातील व्याख्या पाठ होतात. त्या स्वतःच्या गावाला लावून पाहण्याची सवय मात्र लागत नाही. पुण्या-कोल्हापूरकडील मराठी पुस्तके भाषेची अडचण दूर करतात. पण ती तिथल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांसाठी लिहिलेली असतात. साहजिकच त्यांतील सहकार साखर कारखान्यापासून आणि जमीन महसूल रयतवारीपासून सुरू होतो.

गोव्याचे वास्तव निराळे आहे. सामूहिक मालकी ही संकल्पना समजावण्यासाठी इथे कोमुनिदाद म्हणजेच जुनी गावकरी पद्धत समोर आहे. भूसुधारणांच्या प्रकरणात १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यायला हवा. समान नागरी कायद्याची चर्चा देशभर रंगते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आपण प्रत्यक्ष जगतो. लोकेच्छा कशी अजमावतात, हे सांगायला १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाहून चांगला धडा कोणता? २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि गावेच्या गावे अडचणीत आली. एका उद्योगावर विसंबलेल्या अर्थव्यवस्थेचे हे उदाहरण विद्यार्थ्याने घरातच पाहिलेले असते.

परिभाषेची उणीव हे कारण आता पुरेसे नाही. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखालील ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’, स. मा. गर्गे यांचा ‘भारतीय समाजविज्ञान कोश’ आणि महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपलब्ध आहेत. अडचण आहे ती लिहिणाऱ्याची. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला १० गुण मिळतात. मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधालाही तितकेच मिळतात. अनुवादित पुस्तकाला ८ गुण आहेत. अशा हिशेबात दोन-तीन वर्षे खपून प्रथम वर्षासाठी सोपे, अचूक पुस्तक कोण लिहील? जानेवारी २०२५ च्या मसुदा नियमांत भारतीय भाषांतील अध्यापनाच्या योगदानाची स्वतंत्र दखल घेण्याचा प्रस्ताव आला, तो याच कारणाने महत्त्वाचा ठरतो.

गुणांची ही विषमता कायम ठेवून हजारांचे लक्ष्य गाठायचे, तर भर अनुवादावर पडणार हे उघड आहे. अनुवाद हवेतच, पण प्रवेशिकेचे काम त्याने भागत नाही. गोवा विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास व शिक्षणशास्त्र या पाच विषयांची एकेक प्रवेशिका आधी हाती घ्यावी. लेखन इथल्या प्राध्यापकांनी करावे, त्यासाठी त्यांना अध्यापनातून सवलत मिळावी आणि छपाईपूर्वी एका वर्गात कच्चा मसुदा शिकवून पाहावा. तीच सामग्री कोकणीतूनही निघावी. यात भाषावादाला जागा नाही. दोन्ही भाषांतील मुलांची गरज एकच आहे.

हजार पुस्तकांची यादी दिल्लीत तयार होऊ शकेल. कोमुनिदादवरचे प्रकरण मात्र इथेच लिहावे लागेल. ते लिहिले गेले नाही, तर उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा मिळालेला विद्यार्थी त्या उत्तरात आपल्या गावाविषयी काहीच लिहू शकणार नाही.